कुंकू लावलेला किलो

सरांना वेळ विचारायची सोय नव्हती. कुणी "सर, किती वाजले?" म्हटलं की ते आधी मनगटाकडे बघत, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि मग सांगत, "दहा वाजून चार मिनिटं. अर्धं मिनिट इकडे नाहीतर तिकडे." विचारणारा तोवर निघून गेलेला असे. कॅन्टीनमधला महाराज मुद्दाम खोडी काढायचा.

"साहेब, रोटली केटली?"

"तीन."

"इकडेतिकडे नाही?"

"नाही. रोटली मोजायची असते, तिच्यात शंका नाही. डाळ किती ते विचार, मग सांगतो."

हे सर म्हणजे सिल्वासातल्या आमच्या औषधी गोळ्यांच्या कारखान्यातल्या मापखोलीचे प्रमुख. मूळचे कोकणातले, नोकरी बहुतेक सगळी मुंबईत झालेली, आणि शेवटची काही वर्षं इथे. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चिमटा. कारखान्यात जेवढे वजनकाटे होते त्या सगळ्यांची परीक्षा आमच्या खोलीतल्या वजनांवर व्हायची, आणि आमच्या खोलीतल्या वजनांची परीक्षा एकाच वजनावर. ते एक किलोचं, पोलादी, डोक्यावर गुंडी असलेलं, मखमल लावलेल्या लाकडी डबीत बसलेलं. त्याला हात लावायचा नाही. हातमोजा घालून, चिमट्याने उचलायचं, श्वास रोखून काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवायचं. "कुठल्या तरी गावच्या म्हातारीची रक्तदाबाची गोळी याच्यावर उभी आहे," सर म्हणायचे. "तिला हे ठाऊक नाही. ठाऊक असायची गरज पडू नये, एवढंच आपलं काम."

एकदा मोठे साहेब खोलीत आले आणि घाईने म्हणाले, "चलो, दिखाओ रीडिंग." सरांनी त्यांना दाराशीच थांबवलं. "साहेब, दोन मिनिटं उभे राहा. तुम्ही गरम आहात."

"क्या बोला?"

"अंग गरम आहे तुमचं. बाहेरून आलात. तुमच्या अंगाची ऊब काट्याला लागते. आम्ही सगळेच थांबतो." मोठे साहेब खरंच दोन मिनिटं उभे राहिले. मी कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. हसू आलं असतं तर नोकरी गेली असती.

मला नोकरी जायची भीती फार. अजूनही आहे. मी खानदेशातली, तापीकाठची. आठवी झाली आणि शाळा सुटली, कारण पुढची शाळा दोन गावं पलीकडे होती आणि घरात आजारी माणूस होतं. लग्न होऊन इथे आले, अथालला एका खोलीत संसार मांडला. नवरा धाग्याच्या कारखान्यात, मी गोळ्यांच्या पॅकिंगला. माझी एक खोड होती, घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायचं, गॅसची खुंटी तीनदा बघायची. पॅकिंगलाही मी प्रत्येक खोका बंद करण्याआधी तीनदा मोजायची. बायका हसायच्या, "बेन, पहिल्यांदाच नीट मोज ना."

सर एकदा तिथला काटा तपासायला आले होते. त्यांनी हे पाहिलं आणि जवळ आले.

"कुलूपही असंच बघतेस का गो?"

मला वाटलं, गेलं आता. "हो सर. तीनदा."

"कमी पडतं. दहादा बघत जा. आणि दर वेळी काय दिसलं ते लिहून ठेव."

पुढच्या महिन्यात त्यांनी मला मापखोलीत मागून घेतलं. मोठ्या साहेबांना आवडलं नव्हतं. तिथे पदवीवाला माणूस हवा होता. सर म्हणाले, पदवीवाले दोन येऊन गेले, दोघेही एकदा वजन करून दहा आकडे लिहायचे. ही बाई दहादा करील, कारण हिला एकदा केलेलं खरंच वाटत नाही.

त्यांनी मला असं घेतलं, हे मला अजून रोज आठवतं. माझ्यातल्या ज्या गोष्टीची मला लाज वाटायची तिच्यावर त्यांनी माझी भाकरी लावून दिली.

खोलीच्या दारावर, जिथे लोक गणपतीची तसबीर लावतात, तिथे सरांनी पाटीवर एक आकडा लिहून लावला होता. दशांशचिन्हापुढे तेहेतीस शून्यं, आणि मग सहा, सहा, दोन, सहा, शून्य, सात, शून्य, एक, पाच. त्याला प्लँकचा स्थिरांक म्हणतात. विश्वातला सगळ्यात लहान हिशेब या आकड्याने चालतो, असं ते सांगायचे. हा माणसाने ठरवलेला नाही, सापडलेला आहे. सापडला तेव्हा पुढचे आकडे पुसट होते, आणि ते एकेक करून स्पष्ट करण्यात लोकांची आयुष्यं गेली. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. पण शून्यांपुढचे नऊ आकडे मी पाढ्यासारखे पाठ केले, आणि भीती वाटली की तेच म्हणायची सवय लागली. गावी गेले असताना एकदा कुलूप ओढत म्हणत होते, तर आईने विचारलं, "कोणा नंबर शे तो?" म्हटलं, सरांचा. आईला तो फोनचा वाटला. म्हणाली, "एक आकडा कमी शे, लागाव नही."

आईने त्या खेपेला बिबड्या दिल्या होत्या. ज्वारीचे वाळवलेले पापडच ते, ताटाएवढे. मी चार बिबड्या सरांना नेऊन दिल्या. त्यांनी एक उजेडात धरली, वास घेतला, आणि कॅन्टीनमध्ये नेऊन महाराजाच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवली. आधी आतली फिरणारी काचेची ताटली काढून टाकली. महाराज म्हणाला, "साहेब, आवी रीते बळी जशे." सर म्हणाले, "जळायलाच हवी आहे, पण जागच्या जागी."

बिबडी फिरत नव्हती म्हणून सगळीकडे सारखी भाजली नाही. ठराविक अंतरावर फुगून तांबूस झाली, मधे कच्चीच राहिली. सरांनी पट्टी लावली. दोन डागांतलं अंतर दहा ठिकाणी मला मोजायला लावलं. मग ते अंतर दुप्पट केलं, ओव्हनच्या पाठीवर एका सेकंदात किती लाटा ते छापलेलं होतं त्याने गुणलं, आणि जो आकडा आला तो कॅन्टीनच्या टेबलावर खडूने लिहिला.

"हा उजेडाचा वेग. थोडा चुकलाय. पण बघ, जगातली सगळ्यात वेगाची गोष्ट तुझ्या आईच्या बिबडीवर मोजली आपण."

गावातल्या आमच्या घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, आई उन्हात बसून थापते ते डोळ्यांपुढे आलं. तेवढ्यात सर स्वतःशीच मान हलवायला लागले.

"चुकलं. आपण उजेड नाही मोजला. उजेडाचा वेग आता कुणी मोजत नाही, तो पक्का ठरवून टाकलाय, आणि मीटर त्याच्यावरून काढतात. म्हणजे उजेड बरोबरच आहे, चुकली असेल तर आपली पट्टी नाहीतर बिबडी." मग तिचा कच्चा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला. "बिबडी बरोबर आहे."

रविवारी ते बाजारात जायचे. खानवेलकडची एक मावशी तिथे काकड्या घेऊन बसायची, काटा न ठेवता, वाटे लावून. सरांना तिचं मोठं कौतुक. मी सोबत होते तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "मावशी, वाटा म्हणजे किती?"

"माझी वंजळ."

"आणि तुम्ही नसलात तर? सूनबाईची ओंजळ वेगळी असेल."

"म्हनून तर तिला बसवीत नाय."

सर रस्ताभर हसत होते. मला म्हणाले, "अगो, पॅरिसजवळ एका तळघरात जगाचा किलो ठेवलाय. धातूचा ठोकळा. तीन काचेच्या झाकणांखाली. त्याची गोष्ट अगदी या मावशीसारखी आहे. किलो म्हणजे किती? तर तो जेवढा आहे तेवढा. त्याच्या जुळ्या नकला देशोदेशी आहेत. शंभर वर्षांनी सगळ्या एकत्र आणून तोलल्या तर फरक निघाला. कोण बदललं? नकला की तो? काही सांगता येत नाही, कारण तो चुकूच शकत नाही. तोच माप आहे."

"किती फरक, सर?"

"बोटाचा ठसा उमटला तर जेवढं वजन वाढतं, साधारण तेवढा." ते थांबले. "तेवढ्यासाठी आता त्याला निवृत्त करणार आहेत. त्याच्या जागी दारावरचा आपला आकडा. त्याला कुणाचं बोट लागणार नाही."

हे झालं आणि महिन्याभरात खंडेनवमी आली.

त्या वेळी सर चार दिवस मुलीकडे मुंबईला गेले होते. जाताना कपाटाची किल्ली पहिल्यांदाच माझ्या हातात दिली. म्हणाले, "काही करायचं नाही. फक्त खोली थंड ठेव." कारखान्यात पूजेची गडबड होती. गोळ्या दाबायच्या यंत्रांना झेंडूचे हार, माल उचलायच्या गाडीला हळदकुंकू, वायरमनच्या पान्यालासुद्धा फूल. आमच्या खोलीत मात्र कुणी आलं नाही, कारण सरांनी तशी ताकीद देऊन ठेवली होती. मी आत एकटी बसले होते. सगळ्यांच्या अवजारांची पूजा झाली आणि ज्याच्यावर सगळं उभं आहे तो अंधारात डबीत. माझ्या मनाला ते पटेना. आमच्या घरी या दिवशी वडील विळा-कोयतासुद्धा पाटावर मांडायचे.

मी हातमोजा घातला. डबी उघडली. किलो चिमट्याने उचलून स्वच्छ कागदावर ठेवला. सगळं नियमाने केलं. आणि मग हातमोजा काढून, कारण हातमोज्याने देवाला कुंकू कोण लावतं, मी त्याच्या गुंडीखाली ओलं हळदकुंकू लावलं, नमस्कार केला, आणि माझी नोकरी राहू दे म्हटलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले तर कुंकू वाळलं होतं. फडक्याने पुसलं. बाकी सगळं गेलं, पण गुंडीच्या खाचेत तांबडा डाग तसाच. अर्ध्या तासात सर येणार होते. पाढा म्हणून पाहिला, तो मधेच विसरले. मी किलो पदराखाली घेऊन कॅन्टीनच्या मोरीवर गेले आणि तारेच्या घासणीने घासला. घरचा तांब्या घासतो तसा. लखलखीत झाला. पुसून डबीत ठेवला. सर आले तेव्हा मी खुर्चीवर बसून होते.

रोज सकाळी ते किलो त्याच्या जोडीच्या दुसऱ्या वजनाशी ताडून बघायचे. दोघांतला फरक वर्षानुवर्षं एकच. त्या दिवशी शेवटचा आकडा तीनने खाली आला. म्हणजे एका मिलिग्रॅमचे दहा भाग केले तर त्यातले तीन. सरांनी परत केलं. दहादा केलं. तीनच.

मग त्यांनी शोध सुरू केला. एसी बंद केला, चालू केला. शेजारच्या कारखान्यात नवा कॉम्प्रेसर बसलाय का ते बघून आले. रस्त्यावरून ट्रक गेला की वेळ लिहायचे. काटा पुसला, टेबलाचे पाय मापले. दुसऱ्या दिवशी जेवायला गेले नाहीत. मी डबा पुढे केला तर म्हणाले, "तू खा. माझं कुठे तरी काही तरी चुकतंय." मी समोर बसून बघत होते. जणू माणूस सगळं घर धुंडाळत होता आणि मी किल्ली मुठीत धरून बसले होते. सांगावं तर बाहेर. पुन्हा पॅकिंगलाही घेणार नाहीत. दोन पोरांना घेऊन गावी काय तोंडाने जाऊ?

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोन्ही हात टेबलावर पसरले आणि बराच वेळ बोटांकडे बघत राहिले.

"मुली, माझा हात कापतो का गो? खरं सांग."

"नाही सर."

"डोळे असतील मग. वय झालं. मी साहेबांना जाऊन सांगतो की दुसरा माणूस बघा. चुकीच्या हाताने सही नको." आणि ते खरंच उठले. चप्पल बदलायला दाराशी गेले.

मी म्हटलं, "सर, मी घासला."

ते वळले. मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, कुंकू, डाग, मोरी, घासणी. सांगताना जमिनीकडे बघत होते. ते सावकाश परत आले, माझ्या शेजारून गेले, आणि काट्याच्या काचेवर हात ठेवला.

"म्हणजे हा खरं सांगत होता," ते म्हणाले. "तीन दिवस बिचारा काटा खरं सांगत होता."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कुंकू लावलंस ते पुसता आलं असतं. थोडं स्पिरिट, मऊ फडकं, चार दिवस विश्रांती. घासलंस तिथलं पोलाद गेलं. ते आता परत येणार नाही."

"सर, मी जाते."

"कुठे? आधी लिही."

नोंदवहीत सगळं इंग्रजीत असायचं आणि ते सर लिहायचे. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी मराठीत लिहिलं, "मी किलोला कुंकू लावले. नंतर तारेच्या घासणीने घासला. भीती वाटली म्हणून." सरांनी वाचलं. "कारण लिहायचं नसतं," म्हणाले. मग म्हणाले, "राहू दे." आणि खाली सही करायला लावली. त्या खोलीतली माझी पहिली सही ती.

मोठे साहेब भडकले ते बरोबरच होतं. किलो मुंबईला तपासायला पाठवावा लागला, तो येईपर्यंत काम जोडीच्या वजनावर चालवावं लागलं. "ये आठवी पास लेडी को आज के आज निकालो," ते म्हणाले. मी दाराबाहेर उभी होते. सरांचा आवाज नेहमीइतकाच.

"साहेब, तीन दिवस मी शोधलं, मला सापडलं नाही. तिने सांगितलं म्हणून सापडलं. तिला काढा, पण मग पुढच्या वेळी चुकणारा सांगणार नाही, आणि मी इथे सही करणार नाही."

"आपकी भी गलती है. चाबी किसने दी?"

"मी दिली. तेही लिहिलंय वहीत. तिच्या सहीखाली."

मला काढलं नाही. सरांची त्या वर्षीची बढती मात्र राहिली. हे मला पुष्कळ उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

किलो मुंबईहून परत आला तो नव्या प्रमाणपत्रासह. पूर्वीपेक्षा तेवढाच उणा. सरांनी डबी माझ्यापुढे ठेवली. "टाकायचा नाही. वजन चुकलेलं असलं तरी चालतं, किती चुकलंय ते माहीत हवं. रोज उत्तरात एवढा फरक मिळवायचा, झालं." मग चिमटा खिशात ठेवत म्हणाले, "पॅरिसवाल्याला एवढ्याशा फरकासाठी काढतायत. तू तर त्याच्या सहापट करून ठेवलास." तेव्हा मी दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसले.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन आले. जगाचा किलो आजपासून दारावरच्या आकड्यावर गेला, म्हणाले. मोठ्या साहेबांनी पेढा घेऊन विचारलं, "तो क्या चेंज करना पडेगा?" सर म्हणाले, "काही नाही. बाजारातल्या कुणालाही कळणार नाही." ते सांगताना इतके खूश होते. पण दुपारी एकटेच बसले होते, तेव्हा हळूच म्हणाले, "मला तो पॅरिसचा ठोकळा एकदा बघायचा होता गो. लांबूनच." तिथे त्याला बघायला कुणालाही सोडत नाहीत, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि कोकणातल्या गावी गेले. जाताना किल्ली टेबलावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. मी उचलते का ते बघत उभे राहिले. मी उचलली.

दर दसऱ्याला त्यांचं पोस्टकार्ड यायचं. मजकूर नाही. ओटीवर आढ्याला त्यांनी ओळंबा टांगला होता, त्याच्या शंभर झोक्यांना लागलेला वेळ सेकंदांत, पुढे इकडेतिकडे किती ते, आणि सही. पृथ्वी त्या जागी किती जोराने ओढते ते यावरून काढता येतं. आकडा दर वर्षी तोच यायचा. इकडेतिकडे मात्र वाढत चाललं होतं. म्हणजे हात खरंच कापायला लागला असणार, आणि तेही त्यांनी लपवलं नव्हतं.

या दसऱ्याला कार्ड आलं नाही. दिवाळी गेली तरी नाही. त्यांचा फोन नंबर आहे माझ्याकडे, पूर्ण दहा आकडी. लावायचं धाडस होत नाही. कोण उचलेल आणि काय सांगेल. रोज काढते आणि ठेवून देते.

आता खोलीत नवीन मुलगा आलाय, इंजिनिअर, नाशिकचा. चांगला आहे. परवा म्हणाला, "ताई, हा जुना किलो बदलून टाकू ना, रोज ते करेक्शन कशाला मिळवायचं?" मी म्हटलं, मिळवू दे मला. रोज सकाळी मी हातमोजा घालते, चिमट्याने किलो उचलते, दहादा तोलते आणि उत्तरात तेवढं मिळवते. रोज एकदा मनाने त्या मोरीवर जाऊन येते आणि रोज परत खोलीत घेतली जाते.

सरांना मी कधी उत्तर पाठवलं नव्हतं. अक्षराची लाज वाटायची. काल पोस्टात जाऊन कार्ड आणलं. पत्ता तीनदा तपासला. मागे किलोच्या या वर्षीच्या प्रमाणपत्रातला आकडा लिहिला, पुढे इकडेतिकडे किती ते. जागा उरली होती म्हणून खाली लिहिलं, "किलो अजून तेवढाच उणा आहे. मी इथेच आहे." आणि सही केली.